पहिली ओळख

(शहागंज, छत्रपती संभाजीनगर इथल्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



सर्वोच्च न्यायालयानं ५ मार्च २०१९ रोजी महाराष्ट्रातल्या सहा माणसांना निर्दोष सोडलं. सहाही जण भटक्या जमातीतले, मोलमजुरी करून पोट भरणारे. तोवर घटनेला जवळपास सोळा वर्षं उलटली होती. त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मधल्या काळात निष्पन्न झालं. तोही फाशीचा कैदी म्हणून कोठडीत राहिला होता.

‘अंकुश मारुती शिंदे व इतर विरुद्ध महाराष्ट्र शासन’ या नावानं हा खटला कायद्याच्या पुस्तकांत गेला आहे. ५ जून २००३ च्या रात्री नाशिक जिल्ह्यात एका गरीब कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, स्त्रियांवर अत्याचार झाले. जखमी अवस्थेत जे वाचले, त्यांच्या सांगण्यावर पुढचा सगळा खटला उभा राहिला. नाशिकच्या सत्र न्यायालयानं जून २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २००७ मध्ये उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आरोपींचं अपील फेटाळलं, सरकारचं मान्य केलं आणि पुन्हा सहाही जणांना फाशीच्या रांगेत उभं केलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये याच न्यायालयानं स्वतःचा तो निकाल मागे घेतला, अपिलं नव्यानं ऐकली आणि न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शहा यांच्या पीठानं सगळ्यांना सोडलं.

असं काय सापडलं होतं? नवा साक्षीदार नव्हे, नवं हत्यारही नव्हे. कागद जुनाच होता. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, वाचलेल्या स्त्रीचा जबाब विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी नोंदवला होता. पोलिसांनी तिला सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता आणि त्यातले चार चेहरे तिनं ओळखले होते. हे चौघे म्हणजे नंतर पकडलेले सहा जण नव्हेत, वेगळीच माणसं. त्या चौघांना ना अटक झाली, ना त्यांच्यावर खटला चालला. पुढे ओळख परेडीत, म्हणजे इतर माणसांसोबत रांगेत उभं केल्यावर, तिनं पोलिसांनी समोर आणलेल्या आरोपींना ओळखलं, आणि कोर्टात पोचली ती ही दुसरी ओळख. पहिली ओळख फायलीतच राहिली. सर्वोच्च न्यायालयानं सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि चुकार तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचा विचार करायला सांगितलं.

ही स्त्री खोटं बोलली का? तसं म्हणायला काडीचाही आधार नाही. तिच्या डोळ्यांसमोर घर उद्ध्वस्त झालं होतं. गुन्हेगार सापडावेत ही तिच्याइतकी तळमळ दुसऱ्या कुणाला असणार? प्रश्न तिच्या प्रामाणिकपणाचा नव्हता. तिच्या स्मृतीला एकच प्रश्न दोनदा विचारला गेला, दोन वेगळी उत्तरं आली आणि यंत्रणेनं सोयीचं उत्तर उचललं. साक्षीदाराची पहिली ओळख हाच पुरावा, तिच्यानंतरच्या ओळखी ही तिची उजळणी. आणि म्हणून ती पहिली ओळख, सोयीची असो वा गैरसोयीची, जशीच्या तशी जपणं हे तपासयंत्रणेचं काम आहे, एवढाच या व्याख्यानाचा मुद्दा आहे.

चेहरा मनात कसा राहतो

‘तो चेहरा मरेपर्यंत विसरणार नाही,’ हे वाक्य कोर्टात अनेकदा ऐकू येतं आणि ऐकणाऱ्याला ते पटतंही. भीती जितकी मोठी, तितकी आठवण पक्की, असं सगळ्यांनाच वाटतं. संशोधक चार्ल्स मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हे तपासून पाहिलं. त्यांच्या अभ्यासात अमेरिकी लष्करातले ५०० हून अधिक प्रशिक्षित जवान होते. शत्रूच्या हाती लागल्यावर कसं तग धरायचं, याच्या सरावात त्यांना एका चौकशीत धक्काबुक्कीसह भरपूर दरडावलं गेलं आणि दुसऱ्या चौकशीत फक्त प्रश्न विचारले गेले. दोन्हीकडे चौकशी करणारा माणूस अर्ध्या तासाहून जास्त वेळ, भरपूर उजेडात, समोरासमोर बसलेला. दुसऱ्या दिवशी माणसांची रांग उभी केल्यावर सौम्य चौकशी करणाऱ्याला सुमारे ६२ टक्के जवानांनी बरोबर ओळखलं. दरडावणाऱ्याला मात्र सुमारे ३० टक्क्यांनीच. तरणेबांड, सावध राहायला शिकवलेले जवान. अर्धा तास समोर बसलेला माणूस. आणि मध्ये फक्त एक दिवस. अंधारात, सुऱ्याच्या धाकात, काही क्षण दिसलेल्या चेहऱ्याचं काय होत असेल, याचा अंदाज यावरून यावा. समोर हत्यार असलं की नजर हत्यारावरच खिळते, हेही मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून वारंवार दाखवलं आहे.

त्याहून घातक गोष्ट नंतर घडते. मानसशास्त्रज्ञ गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी १९९८ साली काही लोकांना एका घटनेची चित्रफीत दाखवली आणि मग फोटोंतून गुन्हेगार निवडायला सांगितला. खरा गुन्हेगार त्या फोटोंत नव्हताच. तरी लोकांनी कुणाला ना कुणाला निवडलं. मग काहींना सहज म्हटलं, ‘छान, संशयित तोच आहे.’ काहींना काहीच सांगितलं नाही. शाबासकी मिळालेल्यांना आपली निवड जास्त पक्की वाटू लागलीच. पण त्यापुढे जाऊन, आपल्याला चेहरा अधिक स्पष्ट दिसला होता, आपण तो अधिक नीट न्याहाळला होता, असंही ते सांगू लागले. एका वाक्यानं मागची घटनाच बदलली. अशा माणसाला कोर्टात कितीही उलटतपासणीला धरलं तरी तो डगमगत नाही, कारण तो मनापासून बोलत असतो.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या बर्लिंग्टन गावी १९८४ साली जेनिफर थॉम्प्सन या कॉलेजातल्या मुलीवर बलात्कार झाला. अत्याचार चालू असतानाही ती मुद्दाम चेहरा लक्षात ठेवत होती. सहा फोटोंतून तिनं रोनाल्ड कॉटनला निवडलं. नंतर प्रत्यक्ष माणसांची रांग लावली गेली. फोटो आणि रांग या दोन्हीकडे होता तो एकटा कॉटन. तिनं पुन्हा त्यालाच निवडलं, आणि फोटोतला माणूसही हाच होता असं तिला सांगण्यात आलं. १९८७ च्या फेरखटल्यात बॉबी पूल नावाच्या कैद्याला तिच्यासमोर उभं केलं, तेव्हा याला आपण कधी पाहिलं नाही, असं तिनं सांगितलं. १९९५ साली डीएनए तपासणीनं गुन्हेगार पूल होता हे सिद्ध केलं. कॉटननं साडेदहा वर्षं तुरुंगात काढली होती. पुढे थॉम्प्सन आणि कॉटन यांनी मिळून पुस्तक लिहिलं, ओळखीच्या पद्धती सुधाराव्यात म्हणून एकत्र भाषणं दिली, आणि त्यांच्या राज्यानं २००७ साली तसा कायदा केला. अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष ठरलेल्या पहिल्या ३७५ खटल्यांपैकी सुमारे ६९ टक्क्यांमध्ये प्रत्यक्षदर्शीची चुकीची ओळख होती, असा इनोसन्स प्रोजेक्ट या संस्थेचा हिशेब आहे.

चूक एकट्यादुकट्या साक्षीदाराचीच होते, असंही नाही. लंडनमध्ये १८९६ साली ॲडॉल्फ बेक या नॉर्वेजियन गृहस्थाला बायकांना फसवून दागिने लुबाडणारा ठग म्हणून शिक्षा झाली. ओळखणाऱ्या बायका एक-दोन नव्हत्या, अनेक होत्या. शिक्षा भोगून सुटल्यावर १९०४ साली तो पुन्हा तसाच धरला गेला, पुन्हा बायकांनी त्याला ओळखलं. आणि तो कोठडीत असताना खरा ठग सापडला. बेकला पाच हजार पौंड भरपाई मिळाली आणि १९०७ साली इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झालं, त्यामागे या प्रकरणाचा मोठा वाटा होता. एका साच्यातून गेलेले दहा साक्षीदार एकसारखे चुकू शकतात, हे तेव्हापासून ठाऊक आहे.

मुंबईतला दरोडा आणि परेडीचं पुस्तक

आपल्याकडे कायद्यानं या प्रश्नाकडे पाहिलंच नाही, असं म्हणता येणार नाही. एप्रिल १९५१ मध्ये मुंबईत लॉइड्स बँकेवर सशस्त्र दरोडा पडला. आरोपींची ओळख परेड पोलिसांनी पंचांना बोलावून घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा प्रश्न निघाला की साक्षीदार बोटानं दाखवतो, तेव्हा तो नेमकं कुणाला सांगत असतो? रामकिशन मिठनलाल शर्मा खटल्यात १९५४ साली न्यायालयानं उत्तर दिलं. बोट दाखवणं हेही बोलणंच आहे. पोलिसांसमोर बोट दाखवलं तर ते पोलिसांना दिलेलं निवेदन ठरतं आणि पुरावा म्हणून चालत नाही. पोलीस पूर्णपणे बाजूला झाले आणि पंचांनीच परेड घेतली, तरच ती ग्राह्य.

या तत्त्वाचा सविस्तर अवतार म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचं क्रिमिनल मॅन्युअल. परेड घेणाऱ्या दंडाधिकाऱ्यानं काय करावं, याच्या सूचना त्यात आहेत. एक संशयित असेल तर रांगेत निदान अर्धा डझन इतर माणसं हवीत. दोन असतील तर दहा-बारा. दोघांहून अधिक संशयित एका रांगेत उभे करायचे नाहीत. बाकीची माणसं वयानं आणि दिसण्यानं संशयिताशी जुळती हवीत. जागा कुठली घ्यायची ते संशयितानं ठरवायचं, आणि साक्षीदार बदलला की त्याला जागाही बदलता येते. ज्याची पाळी झाली तो साक्षीदार बाकीच्यांत मिसळता कामा नये. पोलिसांनी बाहेर थांबायचं. हे सगळं मेमोरँडममध्ये उतरवायचं. वाचताना वाटतं, याहून जास्त काय हवं?

प्रत्यक्षात अडचण सुरू होते ती ‘डमी’, म्हणजे रांगेतली बाकीची माणसं, शोधण्यापासून. समजा, सायंकाळच्या गर्दीत शहागंजच्या घड्याळाजवळ कुणाची सोनसाखळी ओढली गेली. साक्षीदारानं सांगितलं: विशीतला, सडपातळ, कानात बाळी, गालावर व्रण. संशयित सापडला, त्याची रवानगी हर्सूल कारागृहात झाली, तिथं परेड ठरली. आता त्याच्यासारखी सहा माणसं आणायची कुठून? कधी बाजारातून आणली जातात, कधी तुरुंगातलेच कच्चे कैदी उभे केले जातात. कुणी चाळिशीचा, कुणी धिप्पाड, कुणी कडक इस्त्रीच्या शर्टातला. बाळी एकट्याच्याच कानात, व्रण एकट्याच्याच गालावर, आणि कोठडीत काढलेल्या दिवसांची कळा एकट्याच्याच तोंडावर. कागदावर रांगेत सात माणसं असतात. साक्षीदाराला निवडायला उरतो एक. व्रण लपवता येत नसेल तर प्रत्येकाच्या गालावर त्याच जागी पट्टी लावता येते. खर्च औषधाच्या दुकानातल्या एका डबीचा. रांग निष्पक्ष आहे की नाही, हे पाहायची रीतही सोपी आहे: गुन्हा न पाहिलेल्या माणसांना फक्त वर्णन वाचून दाखवायचं आणि रांगेच्या फोटोतून निवडायला सांगायचं. बहुतेकांनी एकाच माणसाकडे बोट केलं, तर रांग फुकट गेली.

दुसरी फट मॅन्युअलच्या मांडणीतच आहे. १९५४ च्या निकालानं पोलिसांना खोलीबाहेर काढलं, पण उत्तर खोलीतच राहिलं. दंडाधिकाऱ्याला आलेल्या पत्रात आरोपीचं नाव असतं. आरोपीला रांगेत उभं करणारे, त्याला जागा विचारणारे तेच. पंचही शेजारी उभे. मग साक्षीदार आत येतो. कुणी मुद्दाम खूण करतो असं नव्हे. पण उत्तरपत्रिका हातात धरलेला परीक्षक मुलाच्या पेन्सिलीकडे बघत उभा राहावा, तसं हे होतं. साक्षीदार चुकीच्या माणसाजवळ थबकला तर ‘घाई करू नका, नीट बघा’ असं तोंडून निघतं; बरोबर माणसाजवळ थबकला तर सगळे गप्प राहतात. साक्षीदाराला एवढं पुरतं. म्हणून वेल्स १९८०च्या दशकापासून सांगत आले, की साक्षीदारासोबत उभं राहणाऱ्याला संशयित कोण हे माहीतच नसावं. औषधांच्या चाचण्यांत डॉक्टरलाही कुणाला कोणती गोळी मिळाली ते ठाऊक नसतं, तेच हे तत्त्व. आपल्या परेडीत ते आणायला नवी पदं लागत नाहीत. रांग लावायला एक अधिकारी आणि एक पंच. ती लागल्यावर त्यांनी बाहेर जायचं आणि साक्षीदाराला घेऊन दुसऱ्यानं आत यायचं, ज्यानं आरोपीचं नावही ऐकलेलं नाही.

तिसरी उणीव नोंदीतली. मेमोरँडममध्ये बहुधा एवढंच येतं, की साक्षीदारानं अमुक क्रमांकाच्या इसमाला हात लावून ओळखलं. तो किती वेळ रेंगाळला, आधी दुसऱ्या कुणाकडे वळला का, ‘हाच’ म्हणाला की ‘बहुतेक हाच असावा’ म्हणाला, याचा मागमूस नसतो. पाच वर्षांनी कोर्टात तोच साक्षीदार ठामपणे ‘हाच’ म्हणतो. जॉन विक्स्टेड आणि वेल्स यांनी २०१७ साली केलेल्या आढाव्यात एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली: परेड नीट घेतली असेल, तर त्या पहिल्या क्षणी साक्षीदाराला वाटणारी खात्री बरीच विश्वासार्ह असते. ‘नक्की हाच’ आणि ‘वाटतोय खरा’ यांतला फरक खरा असतो. पण तो त्या क्षणापुरताच. नंतरची खात्री वर्तमानपत्रांतून, वकिलांच्या तयारीतून, तारखांना समोर दिसत राहिलेल्या आरोपीच्या चेहऱ्यातून वाढलेली असते. म्हणजे जो पुरावा सर्वांत उपयोगी, तोच आपण लिहून घेत नाही.

दिवस उलटतात तेव्हा

पहिली ओळख उशिरा झाली तर काय होतं, याचं अलीकडचं उदाहरण मुंबईचंच आहे. ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतल्या स्फोटांत १८० हून अधिक माणसं गेली. विशेष न्यायालयानं २०१५ साली बारा जणांना दोषी धरलं, त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती किलोर आणि चांडक यांच्या खंडपीठानं सगळ्यांना सोडलं. या निकालात ओळखीच्या पुराव्याची चिरफाड आहे. आरोपींना चर्चगेटला सोडल्याचं सांगणारे टॅक्सीचालक शंभरहून अधिक दिवसांनी पुढे आले होते. दिवसभरात कितीतरी प्रवासी नेणाऱ्या माणसानं त्यातले नेमके हेच चेहरे का लक्षात ठेवावेत, याचं समाधानकारक उत्तर सरकार पक्षाकडे नव्हतं. परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला तेव्हा तो अधिकारच उरला नव्हता, म्हणून ती परेड बाद झाली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलैला त्या न्यायालयानं हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यापुरती स्थगिती दिली. प्रकरणाचा शेवट व्हायचा आहे. एवढ्या मोठ्या संहारानंतर, एकोणीस वर्षांनी, परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याची नेमणूक कधी संपली यावर वाद व्हावा, ही गोष्ट मृतांच्या नातेवाइकांवर अन्याय करणारी आहे आणि आरोपींवरही.

इथं दुसरी बाजूही मांडायला हवी, आणि ती सर्वोच्च न्यायालयानंच मांडली आहे. महाराष्ट्र शासन विरुद्ध सुरेश या खटल्यात, एका चिमुरडीवरच्या अत्याचाराच्या आणि खुनाच्या प्रकरणात, न्यायालयानं बजावलं होतं की परेडीतले खाचखळगेच शोधायचे म्हटलं तर एकही परेड टिकणार नाही. पोलीस ठाण्यांवरचा ताण, तहसील कचेरीतली गर्दी, डमी मिळवण्याची मारामार हे सगळं खरं आहे. मुकेश सिंग खटल्यात २०२३ साली न्यायालयानं हेही स्पष्ट केलं, की परेडीत उभं राहायला आरोपी नकार देऊ शकत नाही. त्यामुळे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा भंग होत नाही. ते योग्यच. पण उभं राहण्याची सक्ती असेल, तर ज्या रांगेत उभं करायचं ती निष्पक्ष असण्याची हमी कुणी द्यायची? शिवाय निष्काळजी परेडीची किंमत फक्त निर्दोष माणूस मोजत नाही. कॉटन तुरुंगात होता तेव्हा पूलनं आणखी बायकांवर अत्याचार केले होते.

अल्बम मोठा होतो आहे

२००३ च्या प्रकरणात फोटोंचा अल्बम होता, आणि पोलिसांनी उचलली ती माणसं भटक्या जमातीतली होती. दोन्हींमागे मोठा इतिहास आहे. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, त्यांच्या हजेऱ्या घेतल्या, याद्या केल्या. तो कायदा १९५२ साली गेला. पण चोरी झाली की पालावर आधी धाड घालायची सवय त्याच्याबरोबर गेली नाही. संशय आधी जमातीवर आणि मग माणसावर येतो, तेव्हा साक्षीदारासमोर जी रांग उभी राहते तीच मुळात वाकडी असते. म्हणून आजचे संशोधक सुधारणांच्या यादीत एक अट आधी घालतात: एखाद्याला रांगेत उभं करण्यापूर्वी त्याच्यावर संशय का, याचं ठोस कारण कागदावर असलं पाहिजे.

आता अल्बम कपाटातून संगणकात गेला आहे. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार बोटांच्या ठशांपासून बुबुळांपर्यंतच्या नोंदी आणि छायाचित्रं घेता येतात आणि राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे ती ७५ वर्षं ठेवता येतात. साठा जितका मोठा, तितकी हुबेहूब दिसणारी पण निर्दोष माणसं त्यात जास्त. यंत्रानं लाखो चेहऱ्यांतून सर्वांत मिळताजुळता चेहरा काढून दिला आणि तोच साक्षीदारासमोर ठेवला, तर साक्षीदार ‘हाच’ म्हणेल यात नवल काय? तो चेहरा निवडलाच गेला होता साम्यावर.

काय करता येईल

इंग्लंडनं १९७६ साली, लॉर्ड डेव्हलिन यांच्या समितीच्या अहवालानंतर, टर्नबुल निकालानं न्यायाधीशांवर बंधन घातलं की ओळखीच्या पुराव्याबद्दल ज्यूरीला स्पष्ट सावध करायचं. आता तिथं प्रत्यक्ष रांग क्वचितच लागते. संशयिताची छोटी चित्रफीत निदान आठ इतर माणसांच्या तशाच चित्रफितींत मिसळून दाखवतात. त्यामुळे डमी शोधण्यात दिवस जात नाहीत आणि पीडितेला आरोपीसमोर उभं राहावं लागत नाही. अमेरिकी न्याय विभागानं जानेवारी २०१७ मध्ये आपल्या तपास यंत्रणांना लेखी सूचना दिल्या: फोटो दाखवणाऱ्याला संशयित माहीत नसावा, आणि साक्षीदाराची खात्री त्याच्याच शब्दांत लगेच नोंदवावी. सगळ्याच गोष्टींवर एकमत आहे असंही नाही. माणसं एकदम दाखवावीत की एकेक करून, यावर तज्ज्ञांत वाद चालू आहे. तो मिटेपर्यंत आपण त्या फंदात पडण्याची गरज नाही.

वाद नसलेल्या गोष्टीच पुरेशा आहेत. साक्षीदाराचं वर्णन अटकेआधी, त्याच्याच शब्दांत घ्यावं. त्याला आधीच सांगावं की गुन्हेगार या रांगेत असेल किंवा नसेलही, आणि ‘यात नाही’ हेही उत्तर चालेल. एकाच साक्षीदाराला एकच संशयित दुसऱ्यांदा दाखवू नये. फोटोतून निवडला असेल तर ती निवड हीच ओळख मानावी आणि दप्तरी ठेवावी. आणि सगळं चित्रित करावं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ मध्ये ओळख परेडीच्या चित्रीकरणाची सक्ती आहे, पण फक्त ओळखणारी व्यक्ती दिव्यांग असेल तेव्हा. कलम १०५ नं झडती आणि जप्तीचं चित्रीकरण तर सर्रास सक्तीचं केलं आहे. घरातल्या कपाटाची झडती कॅमेऱ्यासमोर होते, मग माणसाची ओळख का होऊ नये?

यासाठी संसदेत कायदा व्हायची वाट पाहावी लागत नाही. क्रिमिनल मॅन्युअल उच्च न्यायालयाचं आहे. त्यात दुरुस्ती उच्च न्यायालयच करू शकतं. आपल्या शहरात १९८१ पासून त्याचं खंडपीठ आहे आणि फौजदारी वकिलांची मोठी फळी आहे. उलटतपासणीत चार प्रश्न नेमानं विचारले गेले, तरी तपासाची सवय बदलू लागेल: या परेडीआधी साक्षीदाराला कोणते फोटो दाखवले होते? त्यानं कुणाला निवडलं? साक्षीदारासोबत आत गेलेल्याला आरोपी ठाऊक होता का? निवड करताना साक्षीदाराच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघाला? आणि ७ जून २००३ च्या जबाबासारखा कागद फायलीत असेल, तर तो बचाव पक्षाला पहिल्याच दिवशी मिळाला पाहिजे.

उरलेला भाग या सभागृहातल्या माणसांच्या हातात आहे, कारण पंच, डमी आणि साक्षीदार याच गर्दीतून निवडले जातात. पंच म्हणून बोलावलं, तर रांगेतली माणसं खरोखर एकमेकांसारखी आहेत का ते पाहून, नसतील तर तसं मेमोरँडममध्ये लिहायला लावायचं आणि मगच सही करायची. साक्षीदार व्हायची वेळ आली, तर शेजाऱ्यांशी चर्चा करण्याआधी आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे फोटो उघडण्याआधी, जे दिसलं ते त्याच रात्री तारीख-वेळ घालून स्वतःच्या हातानं लिहून काढायचं. जे दिसलं नाही तेही लिहायचं. आणि जबाब देताना तो कागद तपासी अंमलदाराच्या हाती देऊन त्याची पोच मागायची.